श्वास मोजायला एक मिनिट लागतो

सतरा नंबरच्या बेडवरचा पेशंट आदल्या रात्रीच घरी गेला होता. गादी गुंडाळून ठेवलेली, लॉकर रिकामं. तरी टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या वहीत त्याच्या नावापुढे सकाळी आठची नोंद होती: ताप नाही, नाडी ७६, श्वास २०.

वही हातात धरून मी वॉर्डाच्या मधोमध उभी होते आणि मला हसू येत होतं. मग पान वरून खाली वाचत गेले. अडतीस नावं. छत्तीस जणांचा श्वास २०, दोघांचा २२. सगळीकडे वीसच लिहिलं तर संशय येईल, एवढी अक्कल लिहिणाऱ्या पोरीला होती. हसू तिथंच थांबलं, कारण अकरा नंबरचे बाबा पलंगाची कड धरून पुढे वाकून बसले होते. नाकपुड्या फुललेल्या, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ३४. वहीत २०.

क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे नर्सिंगच्या पोरांना वॉर्डात काम शिकवणारी, म्हणून माझा तो तिसरा आठवडा.

त्याआधी साडेसहा वर्षं मी पुण्यात एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत स्टाफ नर्स होते. बी.एस्सी. नर्सिंग झालं, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली आणि लगेच ड्यूटी सुरू. करोनाची दोन वर्षंही तिथंच काढली. २०२१ च्या शेवटी सासऱ्यांच्या आजारपणामुळे आम्ही मराठवाड्यात, आमच्या जिल्ह्याच्या गावी परतलो. तिथल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात जागा निघाली होती. पदाचं नाव 'ट्यूटर / क्लिनिकल इन्स्ट्रक्टर'. सरकारी कागदावर याच कामाला 'पाठ्यनिर्देशिका' असा भारदस्त शब्द आहे, पण मी तो बोलताना कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. एम.एस्सी. झालेली हवी, किंवा बी.एस्सी. असेल तर निदान एक वर्षाचा अनुभव, असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम. माझ्याकडे अनुभव भरपूर होता. पगार पुण्यापेक्षा कमी, पण नाइट नाही. घरात आजारी माणूस असताना 'नाइट नाही' हा मोठा भत्ता असतो.

मुलाखतीत प्राचार्य मॅडमनी विचारलं, "शिकवायचा अनुभव?"

"आयसीयूत नवा स्टाफ यायचा, त्यांना मीच तयार करायचे."

त्या हसल्या. "नवा स्टाफ पगार घेतो, म्हणून ऐकतो. इथे पोरी फी भरतात."

रुजू झाल्यावर हातात पडला रोटेशन प्लॅन. कुठली बॅच कुठल्या आठवड्यात कुठल्या वॉर्डात, कुणासोबत कोण मॅडम, याचा भिंतीएवढा तक्ता. बी.एस्सी. नर्सिंगला २०२१-२२ पासून सेमिस्टर पद्धत आली. त्यामुळे जुन्या मॅडमनाही तो तक्ता नव्यानेच बसवावा लागत होता आणि जो तो दुसऱ्याला विचारत होता. नवखी म्हणून माझं अज्ञान त्या गर्दीत खपून गेलं. माझ्या वाट्याला पहिल्या वर्षाची बॅच आली. बहुतेक मुली, पाच मुलगे. या पोरांनी अकरावी-बारावी मोबाइलच्या पडद्यावर केलेली. प्रयोगशाळेतल्या पुतळ्याला स्पंज बाथ देऊन झालेला, जिवंत माणसाला अजून हात लावलेला नाही. परिषदेच्या नियमात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक बसतो. माझ्याकडे बावीस होते, तीन वॉर्डांत विखुरलेले.

सकाळी सव्वासातला कॉलेजची बस सिव्हिलच्या मागच्या फाटकाशी सोडायची. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत हजेरी, मग गणवेशाची तपासणी. नखं, अंबाडा, कानातलं, खिशात कात्री, टॉर्च, दोन रंगांची पेनं, मनगटावर घड्याळ. मोबाइल वॉर्डात न्यायचा नाही. मग पंधरा मिनिटं प्री-कॉन्फरन्स: आज कुणाकडे कोण पेशंट, त्याला काय झालंय, तू त्याच्यासाठी काय करणार. हे सगळं मी यादीप्रमाणे करायचे आणि मनगटावर घड्याळ दिसलं की बरोबरची खूण. त्या खुणेकडे पुढे परत यायचंय.

या नोकरीत पहिले काही दिवस आपण नेमके कोण, हेच कळत नाही. पेशंटला वाटतं ही मोठी सिस्टर, तिला सांगितलं की पंखा दुरुस्त होईल. वॉर्डातल्या सिस्टरना वाटतं आली कॉलेजची मॅडम, आता ही आमच्या ट्रॉलीतल्या चुका काढणार. कॉलेजात वाटतं ही दिवसभर सिव्हिलला मोकळी असते, तर हिला संध्याकाळी दोन फायली जास्त द्या. आणि स्वतःला वाटत असतं की आपण नर्सच आहोत, फक्त आज ड्यूटी लावलेली नाही.

हा शेवटचा गैरसमज सर्वांत महाग. पहिल्याच आठवड्यात एका मुलीला मी इंजेक्शन द्यायला उभं केलं. औषध तिनं नीट भरलं, हवा काढली, जागा बरोबर शोधली. मग सुई कातडीजवळ नेऊन थांबली. हात लटलट कापायला लागला. पेशंट मान वळवून बघायला लागला. मी एक सेकंद थांबले असेन. तिच्या हातातून सिरिंज घेतली आणि देऊन टाकलं. सफाईदार. पेशंट म्हणाला, "कळलंबी नाई." मी खूश. ती मुलगी पुढचे दोन आठवडे इंजेक्शनच्या वेळी हमखास पाणी प्यायला जायची.

आमच्या कॉलेजात एक ज्येष्ठ मॅडम होत्या, या कामात वीसेक वर्षं मुरलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अॅप्रनला खिसे असतात ना? हात त्यात ठेवायचे." मला वाटलं गंमत करतायत. पण खरंच, आयसीयूतून आलेल्या बाईला दुसऱ्याच्या हातून हळूहळू होणारं काम बघत उभं राहणं जमत नाही. बेडशीटचा कोपरा चुकीचा दुमडला की बोटं शिवशिवतात. आता मी हात खिशात ठेवते आणि तोंडानं बोलते. तेही कमीत कमी, कारण पेशंटच्या उशाशी उभं राहून "अगं असं नाही" म्हटलं की पेशंट घाबरतो आणि पोरगी त्याहून जास्त. म्हणून आमचं एक वाक्य ठरलेलं आहे. "एक मिनिट, मला ट्रे बघू दे." हे मी म्हटलं की हातातलं सगळं थांबवायचं आणि बाजूला यायचं. पेशंटला वाटतं मॅडमला ट्रे बघायचाय.

तर, अकरा नंबरचे बाबा.

इंटर्नला बोलावलं. ऑक्सिमीटरवर ८६. ऑक्सिजन लावला, मोठे डॉक्टर आले, न्यूमोनिया वाढला होता, दुपारच्या आत त्यांना आयसीयूत हलवलं. आठवड्याभराने ते चालत घरी गेले. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, आणि मी टीपीआर लिहिणाऱ्या मुलीला वॉर्डाच्या दारात, सगळ्या बॅचसमोर उभं केलं. तिला इथे सुनीता म्हणते. खरं नाव वेगळं आहे. "माणूस मेला असता तर?" हे मी तीनदा तरी विचारलं. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही. बाकीची पोरं बुटांकडे बघत होती. बोलले त्यात खोटं काही नव्हतं. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०. माणूस खालावायला लागला की पुष्कळदा बीपीच्या आधी श्वास बदलतो. ताप, नाडी, श्वास, बीपी या चार आकड्यांत यंत्राशिवाय, फुकट, नुसत्या डोळ्यांनी कळणारा हाच एक, आणि जगभरच्या वॉर्डांत सगळ्यात जास्त थापा याच आकड्यात मारल्या जातात. आयसीयूत मॉनिटर असतो. तिथं मी साडेसहा वर्षं या थापेपासून वाचले होते, एवढंच.

संध्याकाळी मी तिच्या अॅनेकडोटल रेकॉर्डमध्ये लिहिलं: 'निष्काळजी, अप्रामाणिक.' खाली तिची सही घेतली. हे रेकॉर्ड म्हणजे विद्यार्थ्याच्या वागण्याची प्रसंगवार नोंद. नियम असा की डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, विशेषणं लावायची नाहीत. मी दोन विशेषणं लावली आणि पाहिलेलं काहीच लिहिलं नाही. पण घरी जाताना मला वाटत होतं की आज मी खरी शिक्षिका झाले.

त्याचं बिल दोन आठवड्यांनी आलं.

दुसऱ्या एका मुलीला इंजेक्शननंतर सुईला टोपण परत लावताना बोटात सुई गेली. टोपण परत लावायचं नसतं, सिरिंज सरळ हब कटरवर, म्हणजे सुई कापायच्या यंत्रावर न्यायची असते. हे मी शिकवलं होतं, तिनं वहीत लिहिलं होतं आणि हात मात्र सवयीनं टोपणाकडे गेला. झालं सकाळी अकराला. मला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही तिच्या मैत्रिणीकडून. रात्रभर ती होस्टेलच्या नळाखाली बोट दाबून रक्त काढत बसली होती. तेही करायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, बस, आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात, पुढे २८ दिवस घ्यायच्या. मी तिला घेऊन कॅज्युअल्टी, तिथून आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्र, अशी पळाले. पहिला डोस दिला. त्या पेशंटची संमती घेऊन तपासणी झाली, निगेटिव्ह आली, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिचे दोनच डोस झालेले निघाले, सहा महिन्यांचा तिसरा बाकी होता. फाइलमध्ये मात्र 'लसीकरण पूर्ण' असं लिहिलेलं. कुणी लिहिलं होतं, ते मी विचारत बसले नाही.

सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. मी विचारलं, "मला लगेच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वहीत लिहिलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. भिंतीवरच्या सूचना वाचाव्यात तसं ती बोलली. ज्या नोंदीनं मी शिक्षिका झाले असं मला वाटलं होतं, तीच नोंद या पोरीला २६ तास गप्प बसवून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सुनीताला बोलावलं. ओरडायला नाही, पण तिला ते कसं कळणार. ती दारातच रडवेली झाली. मी म्हटलं, "बस. मला फक्त सांग, त्या दिवशी सकाळी काय काय झालं."

झालं होतं ते असं. मी तिला तीन पेशंट दिले होते. मी दुसऱ्या वॉर्डात गेल्यावर सिस्टरनी तिला हाक मारली: "ए कॉलेज, नऊच्या राऊंडच्या आत सगळ्यांचे टीपीआर-बीपी उरकून घे." सगळ्यांचे म्हणजे अडतीस. तेव्हा आठ वाजले होते. मी तिच्यासमोरच कागदावर हिशेब मांडला. थर्मामीटरला एक मिनिट, नाडीला एक, श्वासाला एक, बीपीला दीड-दोन. पेशंट कूस बदलेपर्यंत, बाही वर करेपर्यंत आणि हाताला रब लावेपर्यंत एकेकामागे पाच मिनिटं सहज जातात. अडतीस पाचे एकशे नव्वद. सव्वातीन तासांना जरा कमी. तिच्याकडे एक तास होता. ताप बघितला, कारण तापाचा पेशंट सापडला नाही तर डॉक्टर ओरडतात. बीपी घेतलं, कारण पेशंटला पट्टा दिसतो आणि नाही लावला तर तोच विचारतो. नाडी जमेल तिथं. श्वासाचं कुणी विचारत नाही. आणि सतरा नंबर? नावं कालच्या पानावरून उतरवली होती.

"श्वास एकाचाही मोजला नाहीस?"

"मॅडम, मोजता येत नव्हता." तिनं मनगट पुढे केलं. घड्याळ होतं. गुलाबी पट्टा, डायलवर खडे, तासकाटा, मिनिटकाटा. सेकंदकाटा नव्हता. मामानं बारावी पास झाल्यावर दिलेलं. इतके आठवडे रोज मी त्या घड्याळासमोर बरोबरची खूण करत होते.

मी बावीस जणांची घड्याळं बघितली. सातांना सेकंदकाटा नव्हता, दोन बंद पडलेली होती.

सुनीताचं काहीच चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. न मोजलेला आकडा लिहिणं ही थापच, आणि ते मी तिला त्या दिवशीही सांगितलं. मोजता आलं नाही तर चौकट रिकामी सोड. रिकामी चौकट बघून कुणीतरी विचारेल तरी, वीस बघून कोण विचारतं? पण त्या थापेमागे आळस नव्हता, गणित होतं, आणि ते गणित सोडवणं माझं काम होतं.

म्हणून मी इनचार्ज सिस्टरकडे गेले. जाताना भांडायचंच ठरवून गेले होते. विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात नव्हेत, अभ्यासक्रमात अमुक लिहिलंय वगैरे वाक्यं तयार होती. सिस्टरनी मला बसवलं, मावशींना चहा सांगितला आणि स्वतःच सुरुवात केली. "मॅडम, अडतीस पेशंट. सकाळच्या ड्यूटीला मी धरून दोन सिस्टर. एक मावशी, ती पण एक्स-रेला पेशंट घेऊन जाते. तुमच्या पोरी बसमधून उतरल्या की आम्हाला देव पावल्यासारखं होतं." त्यांच्या टेबलावर इंडेंटचं बुक, मृत्यूचं रजिस्टर आणि डबा, तिन्ही उघडे होते. माझी वाक्यं तशीच राहिली.

शेवटी सौदा झाला. माझ्या मुलींना प्रत्येकी तीनच पेशंट. पण त्या तिघांचं सगळं त्याच करतील: टीपीआर, बीपी, स्पंजिंग, बेड, ड्रेसिंगचा ट्रे, इनटेक-आउटपुट, आणि नोंदीही. म्हणजे वॉर्डातल्या चोवीसेक पेशंटचं काम सिस्टरना बघावं लागणार नाही, आणि जे होईल ते खरं होईल. त्यासाठी तीन वॉर्डांत विखुरलेल्या बॅचमधले आठ जण एका वेळी या वॉर्डात आणायचे, मी तिथंच उभी राहायचं. कॉलेजात रोटेशन प्लॅन खोडावा लागला. तक्ता रंगीत होता, त्यामुळे तो खोडण्याचं दुःख प्राचार्य मॅडमना फार झालं. सुनीताच्या अॅनेकडोटल रेकॉर्डमध्ये लिहिलेलं खोडता येत नाही. मी खाली नवी तारीख घालून दुसरी नोंद केली: काय नेमून दिलं होतं, किती वेळ होता, घड्याळ कसलं होतं. आणि शेवटी, 'देखरेख अपुरी', स्वतःच्या नावानिशी. तिला वाचायला दिली. तिनं सही केली आणि काही बोलली नाही. घड्याळं मात्र सगळ्यांनी बदलली. बाजारात शे-दीडशेला मिळाली, दिसायला भिकार, पण सेकंदकाटा लाल.

पोस्ट-कॉन्फरन्सची रीतही मी तेव्हाच बदलली. दुपारी ड्यूटी संपल्यावर अर्धा तास बसायचं, ज्यानं त्यानं आज काय केलं ते सांगायचं, अशी पद्धत. सगळे 'हे केलं, ते केलं' सांगतात आणि बस कधी येते ते बघतात. मी म्हटलं, आजपासून काय चुकलं किंवा चुकणार होतं तेच सांगायचं. दोन दिवस शांतता. कोण कशाला सांगेल? तिसऱ्या दिवशी मी माझंच सांगितलं. पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी शेजारशेजारच्या बेडवर दोन पाटील होते. एकाचं अँटिबायोटिक मी दुसऱ्याला लावलं. अर्धी बाटली गेल्यावर लक्षात आलं. डॉक्टरांना फोन करताना मला उलटी आली होती. त्या पाटलांना काही झालं नाही, हे माझं नशीब. पोरांनी असं काही ऐकून घेतलं की वर्गात कधी ऐकलं नव्हतं. मग मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मी काल बेडपॅन द्यायला उशीर केला आणि नातेवाइकानं चादर धुतली." सुरुवात बेडपॅनपासून झाली, पण झाली.

वहीतल्या वीसचे भाऊबंद मग सगळीकडे दिसायला लागले. केअर प्लॅन तपासताना एका हर्नियाच्या आजोबांच्या कागदावर 'स्तनपानाविषयी माहितीचा अभाव' असं नर्सिंग डायग्नोसिस सापडलं. सीनियरच्या प्रसूती विभागाच्या फायलीतून उतरवलेलं. मी ते वर्गात वाचून दाखवलं, नाव न घेता. हसून हसून पुरेवाट झाली आणि लिहिणारा सगळ्यात मोठ्यानं हसत होता.

पण सगळ्यात जवळचा भाऊबंद माझ्याच पेनात होता. सेमिस्टर संपताना लॉगबुकं आली. प्रत्येक प्रोसीजरपुढे तारीख, विद्यार्थ्याची सही, 'समोर करून घेतलं' म्हणून इन्स्ट्रक्टरची सही. विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती, परीक्षा तोंडावर होती. बावीस लॉगबुकं, प्रत्येकात रिकामे रकाने. "मॅडम, उद्यापर्यंत पूर्ण करून द्या," असा निरोप आला. आधीची एक इन्स्ट्रक्टर मध्येच सोडून गेली होती, तिच्या महिन्यातल्या प्रोसीजर मी पाहिल्याच नव्हत्या. मी रात्री जेवणं आटोपल्यावर बसले आणि सह्या केल्या. सगळ्या. दीड वाजला. माझ्याकडे एक तास होता आणि अडतीस पेशंट होते, असं मला म्हणता येईल. सुनीतानं तेही कधी म्हटलं नव्हतं.

पुढच्या सेमिस्टरपासून मी स्वतःची छोटी डायरी ठेवते. काय, कोणी, कोणत्या तारखेला, माझ्या समोर. त्यात नसेल तर लॉगबुकात सही नाही. यावरून कॉलेजात एकदा चांगलीच वादावादी झाली, "तुम्हालाच काय तत्त्वं सुचतात" इथपर्यंत. तोडगा निघाला तो असा की राहिलेल्या प्रोसीजर शनिवारी लॅबमध्ये पुतळ्यावर पुन्हा करून घ्यायच्या आणि लॉगबुकात 'लॅब' असं स्पष्ट लिहायचं. माझे शनिवार गेले. घरी नवऱ्याला हे तत्त्व अजून पटलेलं नाही.

दीपप्रज्वलनाचा कार्यक्रम झाला तेव्हा पोरं पांढऱ्या कपड्यांत पणत्या घेऊन उभी होती. सगळीकडे म्हणतात ती फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शपथ त्यांनी म्हटली. ती शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटला तयार झालेली आहे. त्यात 'जाणूनबुजून कोणतंही अपायकारक औषध देणार नाही' अशा अर्थाचं एक वाक्य आहे. मला दर वेळी त्या 'जाणूनबुजून'पाशी अडखळायला होतं. जाणूनबुजून कोण देतं? न जाणता दिलं जातं, त्यासाठीच तर आम्हाला पगार आहे.

त्याचा प्रत्यय दुसऱ्या वर्षी आला. एका पेशंटला नाश्त्याआधी १२ युनिट इन्सुलिन होतं. तो घरी इन्सुलिनचं पेन वापरायचा. नातेवाईक पेन विसरले आणि नुसतं कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसणारी औषधाची नळी, घेऊन आले. "यातूनच काढा ना सिरिंजनं," म्हणाले. वॉर्डातल्या सिस्टर घाईत होत्या, "हो, काढ त्यातून," म्हणून पुढे गेल्या. मुलीनं सिरिंज उघडली, लाल टोपणाची. कार्ट्रिज उजेडात धरलं. मी तीन पावलांवर उभी होते, हात खिशात. मला दिसत होतं काय होतंय, आणि ती सुई रबरात घालायच्या आत मी बोलणारच होते. तिनं मान वर केली आणि मला म्हणाली, "मॅडम, एक मिनिट, ट्रे बघता का?"

माझं वाक्य माझ्यावरच.

बाजूला येऊन ती म्हणाली, "सिरिंजवर ४० लिहिलंय. याच्यावर १०० लिहिलंय. मला कळत नाहीये, पण जुळत नाहीये."

कळत नसताना थांबली होती ती. आम्ही तिथंच, ट्रॉलीच्या कडेवर हिशेब केला. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या वायलसाठी, म्हणजे इन्सुलिनच्या बाटलीसाठी. तिच्यावर १२ ची रेघ म्हणजे ०.३ मिलिलिटर. कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट, म्हणजे ०.३ मध्ये ३० युनिट. बारांऐवजी तीस, अडीच पट. नाश्ता यायला उशीर झाला असता तर पेशंट बेडवरच घामाघूम होऊन बेशुद्ध पडला असता. मी सिस्टरना बाजूला नेऊन दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि नारिंगी टोपणाची, १०० ची सिरिंज स्टोअरमधून मागवली. इन्सुलिन मी त्या मुलीलाच द्यायला लावलं. दुपारच्या पोस्ट-कॉन्फरन्सला तिनं ते फळ्यावर मांडून सगळ्यांना समजावलं, आणि अॅनेकडोटल रेकॉर्डमध्ये मी जे पाहिलं तेवढंच लिहिलं. दोन ओळी पुरल्या.

गेल्या आठवड्यात नव्या बॅचचा पहिला दिवस होता. बायकांच्या वॉर्डात एक मुलगी एका आजींचा हात धरून बसली होती. नाडी मोजून झाली की हात तसाच धरून ठेवायचा आणि नजर छातीवर न्यायची. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की श्वास बदलतो, म्हणून सांगायचं नाही. हे तिला आदल्या दिवशी शिकवलेलं. ती अगदी इमानदारीनं करत होती, ओठ किंचित हलत होते.

आजींनी अर्धं मिनिट वाट बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, या लेकराला नाडी गवसंना झाली का? कवाचा हात धरून बसलीया."

मुलीनं उत्तर दिलं नाही. मोजणं मोडलं असतं. तिनं दुसऱ्या हाताचं एक बोट फक्त वर केलं. आजी गप्प झाल्या, आणि उत्सुकतेनं त्याही त्या लाल सेकंदकाट्याकडे बघायला लागल्या.

काटा बारावर आला. तिनं पेन काढलं आणि वहीत लिहिलं: २३.